भिशीच्या साठ हजारांत गेमिंग संगणक

गेल्या काही महिन्यांत शाळेतल्या चार-पाच पालकांनी मला एकच प्रश्न विचारला आहे. "आपा, मुलगा गेमिंगचा पीसी मागतोय. घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता?" मी उर्दू आणि मराठी शिकवते, संगणक हा काही माझा विषय नाही. पण आमच्या घरात ही खरेदी नुकतीच होऊन गेली आहे आणि तिच्यासाठी महिनाभर आम्ही सगळ्यांनी बराच अभ्यास केला. त्या अभ्यासाचा दुसऱ्या घरांनाही उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दहावीचा निकाल १३ मे २०२५ रोजी लागला. आमच्या धाकट्याला चांगले गुण मिळाले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्याने मागणी केली, आणि वहीतले पान फाडून त्यावर नावे आणि किमती लिहूनच आणल्या होत्या. त्याची बेरीज ८५ हजारांवर जात होती. ह्यांचे कटलरीचे दुकान आहे. धारूरच्या बाजारात ८५ हजार म्हणजे किती दिवसांचा गल्ला हे त्यांना चांगले ठाऊक. ते म्हणाले, "एवढ्यात तर दुकानाचा माल भरता येतो. आणि हे सगळे खेळण्यासाठी?"

पण जेवताना विषय पुन्हा निघाला आणि दादीनेही नातवाची बाजू घेतली. तेव्हा थोरली ताटावरून न उठता शांतपणे बोलली, "मैं मांगी थी तब पैसे नहीं थे ना, अम्मी."

थोरली तंत्रनिकेतनात सिव्हिलच्या डिप्लोमाला आहे. दोन वर्षांपूर्वी तिने लॅपटॉप मागितला होता. त्या वर्षी दादीचे ऑपरेशन झाले आणि घरात खरोखरच पैसे नव्हते. ती काही बोलली नाही. नकाशे कॉलेजच्या लॅबमध्ये काढायची, उरलेले मैत्रिणीच्या लॅपटॉपवर करायची आणि नोट्स मोबाइलवर वाचायची. तिचे म्हणणे तक्रारीच्या सुरात नव्हते, पण त्यातला हिशेब बरोबर होता. मुलीची गरज दोन वर्षे थांबली आणि मुलाच्या हौसेवर मात्र एका रात्रीत चर्चा सुरू झाली. मी तेव्हाच सांगितले की घरात एकच यंत्र येईल, ते दोघांचे असेल आणि आधी थोरलीच्या कामाचे बघितले जाईल.

पैशाची बाजू अशी होती. आम्ही बारा शिक्षिका दरमहा पाच-पाच हजारांची भिशी चालवतो आणि माझा नंबर मे महिन्यात होता. म्हणजे हाती साठ हजार होते आणि त्यात एक रुपयाही वाढवायचा नाही असे ठरले. दुकानदारांनी हप्त्यांचा मार्ग सुचवला. "नो कॉस्ट ईएमआय आहे मॅडम, व्याज शून्य." आपल्या घरांना हा प्रश्न नेहमी पडतो, म्हणून थोडे लिहिते. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले आहे. अशा योजनेत व्याज असतेच. ते सवलतीच्या नावाने वळते केलेले असते किंवा किमतीत आधीच मिसळलेले असते. वर प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या रकमेवर जीएसटी लागतो तो वेगळा. ज्यांना सुदापासून दूर राहायचे आहे त्यांनी हप्त्याचा कागद नीट वाचावा. आम्ही रोख घ्यायचे ठरवले.

आता यंत्राविषयी. थोरलीचे म्हणणे लॅपटॉप घ्यावा असे होते, कारण तो कॉलेजला नेता येतो. पण साठ हजारांच्या लॅपटॉपपेक्षा त्याच किमतीचा डेस्कटॉप जास्त काम करतो, त्याचा पडदा मोठा असतो, आणि एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. कॉलेजात लॅब आहे. तिची अडचण घरी आल्यावर व्हायची. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी मोफत मिळते, पण ते चालवायला यंत्र दमदार लागते. आणि इमारतीचे त्रिमितीय चित्र फिरवून बघायला जे लागते, तेच खेळालाही लागते. वेगवान प्रोसेसर, पुरेशी रॅम आणि चित्र उभे करणारा ग्राफिक्सचा भाग. हे कळल्यावर भाऊ-बहीण पहिल्यांदा एका बाजूला बसले. गेमिंगच्या संगणकावर खेळाशिवाय काही होत नाही अशी ह्यांची समजूत होती, तीही दूर झाली.

सुटे भाग आणून स्वतः जोडावेत असे धाकट्याच्या मनात होते. मी नको म्हटले. धारूरला सुटे भाग मिळत नाहीत. एखादा भाग सुरू झाला नाही तर दोष त्या भागात आहे की आपल्या जोडणीत, हे तपासायला दुसरा भाग हाताशी लागतो. तो आणायला घाट उतरून किंवा अंबाजोगाईला जायचे आणि तिथेही मिळेल याची खात्री नाही. म्हणून तयार जोडलेलाच घ्यायचा ठरला.

पहिला पर्याय जवळच्या एका मोठ्या गावातल्या दुकानात दिसला. काचेचे कपाट, आत सात रंगांचे दिवे, आणि वर पाटी होती: "आय-७ गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, २८ हजार." ह्यांना ते एकदम पसंत पडले. धाकट्याने दुकानदाराला विचारले, "काका, आय-७ कोणत्या पिढीचा?" दुकानदार म्हणाला, "आय-७ म्हणजे आय-७." मग पडद्यावर यंत्राची माहिती उघडून बघितली, तर प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा निघाला. ती पिढी २०१२ सालची. रॅमही जुन्या डीडीआर-३ प्रकारची होती.

आपल्या भागात सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते, म्हणून हे नीट समजून घ्या. आय-५, आय-७ ही नावे दर पिढीत पुन्हा येतात. पिढी कोणती ते पुढच्या आकड्यावरून कळते. ३७७० म्हणजे तिसरी पिढी, १२४०० म्हणजे बारावी. बाराव्या पिढीचा आय-३ हा तिसऱ्या पिढीच्या आय-७ पेक्षा वेगवान आहे. मोठमोठ्या कार्यालयांतून निघालेले जुने संगणक नव्या कपाटात बसवून, दिवे लावून "गेमिंग" म्हणून विकले जातात. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोयही लागते. विंडोज १० ची नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली आहेत. म्हणजे २८ हजार देऊन घरात आणलेले ते यंत्र पहिल्या दिवसापासूनच कालबाह्य. "४ जीबी ग्राफिक्स" या शब्दांनाही भुलू नका. कार्डाचे पूर्ण नाव विचारा. जुन्या, मंद कार्डावरही ४ जीबी मेमरी असते. मेमरी जास्त म्हणून कार्ड वेगवान होत नाही. दुकानदार नाव सांगत नसेल तर सलाम करून बाहेर पडावे.

दुसरा पर्याय मोठ्या कंपन्यांच्या बंद खोक्यातल्या संगणकांचा. एचपीचा व्हिक्टस, एसरचा नायट्रो अशी त्यांची नावे आहेत. त्यात अस्सल विंडोज असते, बिल एकच आणि वॉरंटीही एकाच ठिकाणी. ज्यांच्या घरात संगणकातले कळणारे कोणी नाही त्यांच्यासाठी ही सोय मोठी आहे. पण आमच्या रकमेत त्यातले काही बसत नव्हते. शिवाय काही कंपन्या मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय आपल्याच मापाचे वापरतात. पुढे बदलायचे झाले तर बाजारातला नेहमीचा भाग त्यात बसत नाही. घेण्याआधी हे विचारून घ्यावे.

तिसरा पर्याय माझ्या दिरांमुळे निघाला. ते मुंब्र्याला राहतात. त्यांनी मुंबईतल्या ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन दोन-तीन दुकानांतून कोटेशन आणले. इलेक्ट्रॉनिक सामानासाठी हा रस्ता फार वर्षांपासून प्रसिद्ध आहे. आता त्याचे सरकारी नाव डॉ. भडकमकर मार्ग असले तरी लोक लॅमिंग्टन रोडच म्हणतात. तिथे आपण यादी द्यायची. दुकानदार जोडून, चालवून, तपासून देतो आणि प्रत्येक भागाचा क्रमांक बिलावर लिहितो.

यादी करताना घरात खरा वाद झाला. धाकट्याला ग्राफिक्स कार्ड हवेच होते. साधेसे नवे कार्ड घेतले तरी पंधरा-सोळा हजार जात होते, आणि त्यासाठी बाकीचे सगळे कापावे लागत होते. पॉवर सप्लाय स्वस्त, एसएसडी लहान, विंडोज चोरीचे. दिरांनी दुसरा मार्ग सुचवला. एएमडीच्या रायझेन ५ ५६००जी या प्रोसेसरच्या पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे. तो २०२१ सालचा, सहा कोअरचा. वेगळ्या कार्डाशिवाय त्यावर व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट असे हलके खेळ चांगले चालतात, थोडे जुने मोठे खेळ चित्राची प्रत कमी ठेवून चालतात, आणि थोरलीचे नकाशेही होतात. पॉवर सप्लाय मात्र आजच ५५० वॅटचा, चांगल्या प्रतीचा घ्यायचा, म्हणजे पुढे कधीही कार्ड बसवता येईल.

धाकटा दोन दिवस गप्प होता. "कार्ड नसेल तर तो गेमिंग पीसी कसला?" असे त्याचे म्हणणे. मी त्याला बसवून पान आखून दिले. डाव्या बाजूला पुढे बदलता येण्यासारखे भाग आणि उजव्या बाजूला बदलायला अवघड असलेले. कार्ड डाव्या बाजूला गेले. मदरबोर्ड, पॉवर सप्लाय उजव्या बाजूला. "आज पैसा उजव्या बाजूला घालू. डाव्या बाजूचे बारावीनंतर बघू." त्याने मान्य केले, पण ईदी आजपासून कार्डासाठीच साठवणार हेही सांगून टाकले.

अशा यंत्रात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच मेमरी घेते. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. दोन पट्ट्यांमुळे रॅमचा रस्ता दुपदरी होतो आणि खेळाच्या वेगात डोळ्यांना दिसेल एवढा फरक पडतो. तयार संगणक विकताना बरेच जण एकच पट्टी बसवतात. हे विचारायला पैसे पडत नाहीत.

पॉवर सप्लायबद्दलही असेच. कपाट स्वस्तात मिळते तेव्हा बहुतेक वेळा त्याच्याबरोबर बिननावाचा पॉवर सप्लाय येतो. त्यावर ५०० वॅट छापलेले असले तरी तेवढे तो पेलतोच असे नाही, आणि तो जळताना कधी कधी मदरबोर्डलाही बरोबर नेतो. "८० प्लस" ही खूण आणि नामांकित कंपनी बघूनच घ्यावा. आपल्याकडे वीज जाते, येते, कमी-जास्त दाबाने येते. इथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

विंडोजचा प्रश्न ह्यांनी सोडवला. दिरांनी फोनवर सांगितले की तिथे बरेच जण परवान्याशिवायच घालून घेतात, नऊ हजार वाचतील. हे म्हणाले, "मी दुकानात कंगव्याचेसुद्धा पैसे घेतो. दुसऱ्याचा माल फुकट कसा वापरू?" त्यावर चर्चा संपली.

शेवटी हिशेब असा बसला. जोडलेला टॉवर, १ टीबी एसएसडीसह, ३६,५००. विंडोजचा परवाना ९,०००. चोवीस इंची मॉनिटर ८,०००. कीबोर्ड आणि माउस १,२००. यूपीएस ३,०००. घराचे अर्थिंग १,६००. आणण्याचा खर्च ६००. एकूण ५९,९०० रुपये. दीर बकरी ईदला गावी येताना टॉवर घेऊन आले. रात्रभरच्या ट्रॅव्हल्समध्ये त्यांनी तो डिकीत टाकू दिला नाही, पायाशी ठेवून आणला. काचेचे कपाट असेल तर असेच आणावे, आणि सुरू करण्याआधी उघडून आतल्या वायरी निघाल्या नाहीत ना ते बघावे.

हिशेबात अर्थिंग बघून काहींना आश्चर्य वाटेल. आमचे घर किल्ल्याकडच्या जुन्या वस्तीत आहे आणि वायरिंगही जुने. दिरांनी आधीच बजावले होते, म्हणून वायरमनला बोलावले. त्याने मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजला. तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा, आमच्याकडे वीसच्या वर होता. अशा घरात लोखंडी कपाटाला हात लावला की झिणझिण्या येतात आणि आतले भागही लवकर जातात. अंगणात खड्डा घेऊन मीठ-कोळसा घालून नवे अर्थिंग केले. उन्हाळ्यात त्यात पाणी घालावे लागते. ते काम दादीने स्वतःकडे घेतले आहे. यूपीएस ६०० व्हीएचा आहे. वीज गेल्यावर दहा-बारा मिनिटे मिळतात, तेवढ्यात काम साठवून यंत्र बंद करता येते. वीजबिलाची भीती मात्र फारशी नको. हे यंत्र खेळतानाही मॉनिटरसह साधारण दीडशे वॅटच्या आत असते. रोज दोन तास म्हणजे महिन्याला नऊ-दहा युनिट.

आता मूळ काळजीकडे येते. पालक किमतीपेक्षा जास्त याच गोष्टीला घाबरतात आणि ती भीती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत "गेमिंग डिसऑर्डर" आहे. ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खेळावर ताबा न राहणे, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, आणि हे साधारण वर्षभर चालणे, अशी त्याची लक्षणे दिली आहेत. म्हणजे रोज तासभर खेळणारे प्रत्येक मूल आजारी नसते, पण बघत राहावे लागते. शिक्षिका म्हणून मला मोबाइलवरचा खेळ जास्त अवघड वाटतो. तो गोधडीत जातो, शाळेच्या दप्तरात जातो. डेस्कटॉप जागचा हलत नाही. आमचा बैठकीत आहे, पडदा दाराकडे तोंड करून. येणारा-जाणारा बघतो.

वेळही वाटून दिली आहे. थोरली शनिवारी घरी आली की रविवार संध्याकाळपर्यंत यंत्र तिचे. इतर दिवशी धाकट्याला अभ्यास झाल्यावर, मगरिब आणि इशाच्या मधला वेळ. विंडोजमध्ये मुलांच्या खात्याला वेळेची मर्यादा घालता येते, ती घातली आहे. सुरुवातीला त्याने कुरकुर केली. "मॅच मध्येच सोडता येत नाही," म्हणाला. ते खरे आहे. जोडीदार असलेल्या खेळात मध्येच उठले तर दंड बसतो. म्हणून शेवटच्या अर्ध्या तासात नवीन मॅच सुरू करायची नाही असा नियम त्यानेच सुचवला. तो बहुतेक पाळला जातो. दोनदा पाळला गेला नाही, तेव्हा आठवडाभर यंत्र बंद राहिले.

पैशांच्या खेळाबद्दल आमच्या घरात चर्चाच नाही. जुगार तो जुगार, पडद्यावर असला तरी. आता देशाचा कायदाही आला आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना वेगळे मानले. पण साध्या खेळांतही रंगीत पोशाख, बंदुकीचे नक्षीकाम, नशिबाच्या पेट्या विकायला असतात. म्हणून त्या यंत्रावर कोणाचेही बँक कार्ड किंवा यूपीआय नोंदवलेले नाही.

यंत्र आल्यावर मलाही त्याचा उपयोग झाला. आमच्या शाळेच्या उर्दूच्या प्रश्नपत्रिका मी वर्षानुवर्षे हाताने लिहीत आले, कारण गावातल्या टायपिंगच्या दुकानात मराठीच होते. थोरलीने जमील नूरी नस्तालिक फॉन्ट घालून दिला आणि उर्दूचा कीबोर्ड शिकवला. सहामाहीचा पेपर मी पहिल्यांदा घरी टाइप केला. एकाच पानावर वर नस्तालिक आणि खाली देवनागरी बघून मुख्याध्यापकांनी दुसऱ्या वर्गांचेही काम माझ्याकडे दिले, ही गोष्ट वेगळी.

आज कोणी खरेदीला निघाले असेल तर माझे आकडे जसेच्या तसे धरू नका. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे भाव खूप वाढले आहेत. एआयच्या मोठमोठ्या केंद्रांसाठी कंपन्या मेमरी तिकडे वळवत आहेत, त्याची झळ धारूरपर्यंत आली आहे. आज तीच यादी साठ हजारांत बसणार नाही. पण प्रश्न तेच राहतील. प्रोसेसरची पिढी कोणती, रॅमच्या पट्ट्या किती, पॉवर सप्लाय कोणाचा, विंडोज अस्सल का, कार्डाचे पूर्ण नाव काय, वॉरंटी कोणत्या भागाची किती वर्षे आणि दुरुस्तीला माल कोण नेणार. ही सात उत्तरे बिलावर किंवा निदान कागदावर लिहून घ्या. आणि घरात आणखी कोणाला त्या यंत्राची गरज आहे हे दुकानात जायच्या आधी विचारा, विशेषतः जी मागत नाही तिला.

थोरलीने दिवाळीच्या सुट्टीत आमच्याच घराचा नकाशा त्यावर काढला. तिच्या म्हणण्याप्रमाणे न्हाणीघराची भिंत दोन फूट सरकवली तर दादीसाठी वेगळे शौचालय होते. हे तो नकाशा दुकानात नेऊन ठेवतात आणि गवंडी गिऱ्हाईक आला की दाखवतात. धाकट्याच्या डब्यात कार्डासाठी ३,४०० रुपये जमले आहेत.